चौदाशे लिटर

पाणी काठाला आलं तसा अच्युतरावांनी हात वर केला. सुधाबाईंनी धावत जाऊन मोटार बंद केली.

आठ फूट लांब, अडीच फूट रुंद, अडीच फूट उंच. तळ आणि तीन बाजू प्लायवूडच्या, समोर जाड काच. माशांची एवढी मोठी टाकी वर्ध्याजवळच्या पिपरी मेघेत कुणी घरी बनवली नसेल. दोघं खाली बसून एकेक सांधा कोरड्या फडक्यानं टिपू लागली. फडकं कोरडंच राहिलं. सुधाबाईंचा जीव भांड्यात पडला. चार वाजता सुमीत येणार होता, तीन वर्षांनी, बायकोला आणि सव्वा वर्षाच्या ईराला घेऊन.

तीन वर्षांपूर्वी सुमीतनं आकांक्षाशी कोर्टात लग्न केलं. मुलगी दुसऱ्या जातीची. अच्युतरावांनी आरडाओरडा केला नाही. जन्मभर सरकारी कचेरीत नकाशे काढलेला माणूस. त्यांचा आवाज कधी चढायचा नाही. त्यांनी फक्त मुलाशी बोलणं टाकलं. कुणी विचारलंच तर म्हणायचे, "मी कोणाले घरातून काढलं नाई." त्या एका वाक्यावर सुधाबाई दिवस काढत होत्या.

जानेवारीत सुमीतचा पुण्याहून फोन आला. बँकेत वर्ध्याची बदली मागितली होती, मिळेलसं दिसत होतं. "आई, घरीच येऊन राहू म्हणतो. बाबाले विचारून पाह्य ना."

जेवताना सुधाबाईंनी भीत भीत विषय काढला. अच्युतरावांनी ताक संपवलं, हात धुतला. नाही म्हणाले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी ते टेप घेऊन सुमीतच्या खोलीत शिरले, आणि संध्याकाळपर्यंत टाकीचा नकाशा कागदावर तयार होता.

सुधाबाईंना काय समजायचं ते समजलं. दहा वर्षांचा सुमीत लोणच्याच्या बरणीत मासा पाळायचा, मोठ्या टाकीसाठी हट्ट धरून बसायचा. तेव्हा बापानं दाद दिली नव्हती. चुकलं म्हणणं या माणसाच्या तोंडाला जमायचं नाही, म्हणून हातानं करतोय बिचारा, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. आणि बाई मनात मांडे खाऊ लागल्या.

मग त्या कामाला अशा भिडल्या की विचारू नका. लहानू सुतारानं फळ्या कापून दिल्या, बाकी सगळं दोघांनी केलं. पाणी मुरू नये म्हणून आतून रेझिनचे तीन हात द्यायचे होते. कोपऱ्यात अच्युतरावांचा ब्रश नीट बसेना, तेव्हा सुधाबाई पदर खोचून टाकीत उतरल्या आणि हातमोजे घालून बोटांनी कोपरे भरून काढले. वासानं डोळे चुरचुरायचे, दोन दिवस जेवण जायचं नाही. काच बसवताना पट्ट्या आवळून होईस्तोवर त्याच खांदा लावून उभ्या राहिल्या. पस्तीस वर्षांच्या संसारात नवऱ्यानं त्यांना असं बरोबरीनं कशात घेतलं नव्हतं. खरं सांगायचं तर त्या पाच महिन्यांत बाई सुखात होत्या.

टाकी आधी चार फुटांची ठरली होती. मग सहाची झाली, मग आठची. दर वेळी सुधाबाईंनी मनातल्या मनात सुमीतचा पलंग थोडा सरकवला. शेवटी पलंगच अंगणात गेला, तेव्हा त्यांनी नवा बेत केला. मुलांना आपली खोली द्यायची, आपण दोघांनी हॉलमध्ये गादी टाकायची. हे नवऱ्याला सांगायचं तेवढं राहून गेलं.

काच बसली त्या दिवशी लहानू म्हणाला होता, "काकाजी, हे आता दारातून निंगत नाई बरं. अन् पानी भरल्यावर तं जागचं हलनार बी नाई. दीड टनाचं वजन होते."

"हलवाचं कोणाले आहे?" अच्युतराव म्हणाले होते. सुधाबाई तेव्हा हसल्या होत्या.

चारला ऑटो थांबला. सेवाग्राम स्टेशनवरून आलेली तिघं बॅगांसकट दारात उभी राहिली. सुधाबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला, ईराला कडेवर घेतलं आणि चहापाण्याआधी सगळ्यांना त्या खोलीत नेलं. सुमीत बघतच राहिला. लहानपणी मागितलं होतं त्याच्या दसपट बापानं दिलं होतं. ईरानं काचेवर दोन्ही तळवे टेकवले.

"बाबा," तो म्हणाला, "बदलीची ऑर्डर आली. एक तारखेले सामानाचा ट्रक येते."

अच्युतरावांनी हातातल्या फडक्याची घडी घातली. तीन वर्षांनी ते मुलाशी पहिलं वाक्य बोलले.

"ठेवशीन कुठी? खोली कुठी आहे आता?"

आकांक्षानं हातातली बॅग पुन्हा खांद्याला लावली.

"अहो, असं काय करता?" सुधाबाई घाईघाईनं म्हणाल्या. "आपली खोली देऊ त्यायले. आपण हॉलमध्ये झोपू."

अच्युतरावांनी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. ते सुमीतशीच बोलत होते, आवाज न चढवता.

"मले काऊन दोष देतं? आईले विचार. तू राह्याले येणार हे तिनंच सांगतलं, म्हणून तं नकाशा काढला. अन् हे कोपरे, ही काच, सारं तिच्याच हातचं आहे. एकट्यानं मले हे जमलं नसतं."