जांघेतली वाट

"पोराला बाहेरच बसू दे," म्हणत पुंडलिकने पडदा स्वतःच ओढून घेतला.

डॉ. वैभवींना हसू आलं. जन्मभर होडी हाकलेला सत्तरीचा माणूस, पण बाईमाणसासमोर कपडे सोडायचे म्हणजे मेल्याहून मेल्यासारखं. याच लाजेपायी म्हाताऱ्याने हर्निया वर्षानुवर्षं पट्ट्याखाली दाबून ठेवला होता.

"खोका," त्या म्हणाल्या. पुंडलिक खोकला. त्यांनी जांघेत पुन्हा एकदा चाचपून पाहिलं आणि त्यांचं हसू मावळलं.

हात धुऊन त्यांनी कागदावर चित्र काढलं. "बाबा, पोटाच्या भिंतीत इथे बोटभर तिरकी वाट असते. मुलगा आईच्या पोटात असतो तेव्हा त्याच्या गोळ्या, म्हणजे वृषणं, या वाटेने खाली पिशवीत उतरतात. मग वाट मिटते. तुमची मिटलीच नाही, म्हणून आतडं उतरतं."

"आन गोळ्या?"

"वाटेतच अडकल्यात. दोन्ही. ऑपरेशनमध्ये त्यांचंही बघू."

पुढचं त्या बोलल्या नाहीत. जन्मापासून आतच राहून सुकलेल्या त्या गोळ्यांनी या माणसाला बाप केलं असणं शक्य नव्हतं. आणि बाहेर बाकावर त्याचा मुलगा निमेश बसला होता.

पुंडलिक शर्ट खोचत बोलत राहिला. बायको, काशी, वारल्यापासून तारापूरच्या घरात बोलायला भिंतीच. निमेश बोईसरला कारखान्यात, खोली घेऊन राहतो. सुट्टीला येतो, बापाने भाजलेले बोंबील खातो, जातो.

"तेवढ्यावर माजा आठवडा निगतो," तो म्हणाला. "लोकं म्हनतात, चालतो अगदी बापासारका."

इतक्या एकट्या माणसाकडे एकच माणूस उरलेला, आणि तोही आपण एका वाक्यात काढून घ्यायचा? वैभवी उगाच औषधाची चिठ्ठी लिहीत बसल्या.

"बाय, खरं सांगा. असं असलं का पोर होत नाय काय?"

पेशंटशी खोटं बोलायचं नाही, असं त्यांनी आजवर पाळलं होतं.

"होतं की," त्या म्हणाल्या. "तुम्हाला झालाच ना."

दाराकडे नजर टाकून पुंडलिकने आवाज खाली केला.

"निमेशला आत बोलावतो. त्यालापन असंच सांगा. माजं खोटं त्याला कळतं."