कडेला सरकवलेला वास

हरकूबाईने सुक्या बोंबलांची टोपली नव्या सुनेच्या नाकाशी धरली. "सांग, कसे आहेत?"

"छान आहेत, आई. वासच नाही," मानसी म्हणाली.

बोंबील कुजके म्हणून गिऱ्हाइकाने सकाळीच परत केलेली टोपली होती ती.

मानसीने खालमानेने सांगून टाकलं. या घरात नांदता यावं म्हणून लग्नाआधीच तिने नाकातल्या पेशींमधलं मासळीच्या वासाचं जनुक केंद्रकाच्या मधून कडेला सरकवून घेतलं होतं. कडेच्या पडद्याला चिकटलं, की जनुक झोपतं.

"परत मधे आणता येतं?"

"येतं. पण मग मला मळमळेल."

"मळमळू दे. वर्ष झालं, मलाही वास येत नाही. बाजारात कुणाला सांगितलं नाही, तुझ्याच भरवशावर होते."