उजवा कौल

देवीच्या मूर्तीला चिकटविलेल्या दोन पाकळ्यांपैकी उजवी ओघळली, आणि देवजी पाटलांनी हात जोडले. उजवी म्हणजे नव्याने वसलेल्या वाशीतले खाजगी इस्पितळ. डावी म्हणजे खाडीपलीकडचे, मुंबईतले सरकारी. शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर दोन्हीकडे एकच होते. म्हणूनच हा प्रश्न पावणे गावच्या ग्रामदेवतेपुढे आला होता. पाटलांच्या पत्नी भागीरथीबाईंच्या उरातील गाठ कर्करोगाची आहे आणि विलंब जिवावर बेतेल, एवढे डॉक्टरांनी निक्षून सांगितले होते.

"सोतंत्र खोली हाय," पाटील गुरवाला सांगू लागले. "तिची खाट, बाजूला माझी खाट. रातदिस मी तिच्या उशाशी."

"खाटा दोन," शेजारची पुतळा कुजबुजली, "तवा आजारी कोन, त्ये डाक्टरला आदी सांगून ठेवा."

पाटलांची पत्नीनिष्ठा पंचक्रोशीत विख्यात होती. रोगाचे नाव ऐकताच ते डॉक्टरांच्या दालनात मूर्च्छित पडले होते. भागीरथीबाईंनी त्यांना तपासणीच्या खाटेवर निजविले आणि पदराने वारा घातला. त्या दिवसापासून पाटलांनी अन्न वर्ज्य केले; बाई पेजेचा एकेक घोट त्यांच्या मुखी लावीत. समाचाराला आलेला प्रत्येक जण प्रथम पाटलांचे सांत्वन करी. तोवर बाई चुलीवर चहाचे आधण ठेवीत. एकदा पुतळा बाईंचा हात हाती घेऊन बसली, तोच ओटीवरून पाटलांचा हुंदका ऐकू आला, आणि दोघी उठून तिकडे धावल्या.

थोरला मुलगा धर्मराज अँबॅसॅडर गाडी काढावयास निघाला. तेव्हा भागीरथीबाईंनी गाभाऱ्याच्या उंबऱ्यावर मस्तक टेकले, आणि बराच वेळ त्या तशाच राहिल्या. मग शांतपणे उठल्या.

"मी सरकारीत जातंय," त्या म्हणाल्या.

धर्मराज माघारी वळला. "आये, कौल उजवा हाय. देवीचा शबूद मोडतेस?"

"देवी बी बाईमानूस हाय. तिला मी समदं सांगलं. ती समजली."

"अगो, पन तितं सगला बायांचा वॉर्ड," पाटील पुढे सरले. "भेटाया सोडतान तेवढंच. पुरुषमानसाला रातचं ठेवत नाय. मंग मी कुटं ऱ्हाऊ?"

"घरी ऱ्हावा. पुतळा पेज आनून देल."

पाटलांच्या डोळ्यांना धारा लागल्या. बाईंनी नित्याप्रमाणे पदर घेऊन त्या पुसल्या. मग त्यांच्या कानाशी वाकून, इतरांस ऐकू जाऊ नये अशा बेताने त्या म्हणाल्या,

"मना बी एकदा रडाचं हाय."