खारोटीचे पॉइंट

“विषाला एकही पॉइंट नाही?” चारुतानं विचारलं.

“एक बी नाय,” विश्वजित म्हणाला. “तिनं कधीच नाय दिला.”

टीव्ही सेंटरजवळचं चारुताचं गेमिंग पार्लर दुपारचं रिकामंच असायचं. पडद्यावर एका नव्या चोराचं पात्र उभं होतं. खेळ ऑनलाइन, खेळणारे लाखो. त्यात चोर म्हणजे लपून वार करणारा. पातळी चढली की पॉइंट मिळतात आणि ते कुठल्या कसबावर लावायचे, हे ज्याचं त्यानं ठरवायचं. शहाणा माणूस ते विषावर आणि पाठीमागून वार करण्यावर लावतो. शहरातल्या निम्म्या पोरांना चारुतानं हेच शिकवलं होतं. न ऐकणाऱ्यांची चारचौघांत खरडपट्टीही काढली होती.

विश्वजित देवगाव रंगारीचा. इस्त्रीचा शर्ट, बोलणं अदबीचं. येताना गरम भज्यांचा पुडा घेऊन आला होता. त्याची बहीण सई घर सोडून गेली होती. नंबर बंद, मैत्रिणींना पत्ता नाही.

“घर सोडलं, पन गेम नसंल सोडला,” तो म्हणाला. “जीव होता तिचा त्यात. आन् या भागातले खेळणारे तुमालाच ठावं असतात म्हणं.”

“अहो दादा, पण खेळातलं नाव तरी सांगा. असं कसं शोधणार?”

“नाव तर बदललंच असंल. म्हनून तर तिचा चोर बनवून दाखवतो तुमाला. मागं बसून रोज बघायचो ना मी. काय खेळती, कुनाशी बोलती, सगळं.”

त्यानं पडद्यावर बोट ठेवलं. गायब होणं, पूर्ण. वेगानं पळणं, पूर्ण. कुलपं उघडणं, तेही पूर्ण.

चारुताला हसू आलं. “हा चोर आहे का पळपुटा? मारणार कशानं?”

“मारतीय कशाची! भित्री हाय पहिल्यापासून.” तोही हसला. मग उरलेले पॉइंट त्यानं एका कोपऱ्यातल्या कसबावर लावले. उंचावरून पडलं तरी इजा होत नाही, असं ते कसब.

चारुताचं हसू थांबलं. हे कसब कुणीच घेत नाही. पॉइंट मातीत घालायचेच असतील तर गोष्ट वेगळी. तिच्या ओळखीत ते घेणारी एकच होती.

खारोटी. चारुताच्याच गटात खेळायची. माइक कधी उघडला नाही, नुसतं लिहायची. या फालतू कसबावरून चारुतानं तिला किती झापलं होतं! तिचं आपलं ठरलेलं उत्तर : राहू द्या ताई, मला तेच लागतं.

“हे का घेते ती?” चारुतानं हळूच विचारलं.

“गच्चीच्या जिन्यावरून पडली होती एकदा. हात मोडला. मीच उचलून दवाखान्यात नेलं.” त्यानं डोळे पुसले. “तवापासून घेती.”

चारुताला भरून आलं. तिचा भाऊ पुण्यात होता. नोकरी सोडून हे पार्लर टाकल्यापासून तो तिच्याशी बोलत नव्हता. भाऊबीजेला साधा फोनही नाही. आणि हा माणूस बहिणीच्या खेळातल्या सवयी पाठ करून दारोदार फिरत होता. माझ्यासाठी फिरलं असतं का कुणी असं? तिला हेवाच वाटला सईचा.

“माझ्या आईनं अन्न सोडलंय,” विश्वजित म्हणाला. “पोरगी एकदा घरात आली म्हंजे झालं. कुनी रागवनार नाय तिला.”

“आहे ती माझ्या गटात,” चारुता बोलून गेली. “थांबा, आधी तिला विचारते.”

“विचारलं की पळंल, ताई. तुमीच बघितले ना तिचे पॉइंट?”

ते काही खोटं नव्हतं. चारुता घुटमळली. मागे खारोटीला माउस हवा होता, तेव्हा तिनं पार्सल पाठवलं होतं. पत्ता तिच्या लक्षात होता. खुलताबाद, वेशीच्या आत, शिवणकामाच्या दुकानावरची खोली. तिनं तो सांगून टाकला.

“वरची खोली व्हय,” तो म्हणाला. “जिना बाहेरून असंल का आतून?”

“ते काही माहीत नाही बुवा.”

“असू द्या. लई उपकार झाले, ताई.” त्यानं हात जोडले आणि गाडीला किक मारली. भजी तिथंच राहिली. चारुतानं ती मोठ्या समाधानानं खाल्ली.

संध्याकाळी खारोटी खेळात आली. एका बुरुजाच्या कडेवर जाऊन उभी राहिली, रोजच्यासारखी. चारुतानं गप्प बसायचं ठरवलं होतं, पण तिच्या पोटात गोष्ट कधी राहिलीय? एव्हाना तो पोचलाच असेल, असा तिनं विचार केला आणि लिहिलं : सई, चिडू नकोस गं. तुझा दादा येतोय तुला न्यायला. तुझी आठवण काढून रडला बिचारा. फार जीव आहे गं त्याचा तुझ्यावर.

खारोटी जागची हलली नाही. मग तिच्या नावापुढे माइकची खूण उजळली, आजवर पहिल्यांदाच. पलीकडचे आवाज ऐकू येऊ लागले. कुणीतरी दाराची कडी वाजवत होतं. जोरजोरात.

“आला वाटतं!” चारुता आनंदानं म्हणाली. “उघड ना गं दार. भाऊच तर आहे तुझा.”

“ताई,” पलीकडून अगदी दबक्या आवाजात आलं, “मला भाऊ नाय.”