शमिकाचा डबा

“पाहुणी म्हणून मी गप्प बसते, पण खाण्यापुढे लाज नाही या पोरीला!” मासूमादादींनी सुनेसमोर जेवणाचा डबा आदळला. डबा चाटूनपुसून साफ होता.

“जाऊ दे ना, अम्मी. दिवसभर बंदूक घेऊन उभी असते ती,” रुबीना म्हणाली.

“मग आमची तुबा काय झोपते तिथे? तीही उभीच असते. रोजा धरून!”

आशियाई स्पर्धेसाठी देशाचा नेमबाजी संघ तयार होत होता. शेवटचं शिबिर रत्नागिरीत लागलं होतं. रायफलच्या संघात एकच जागा उरली होती आणि तिच्यासाठी दोघी झगडत होत्या. एक दादींची नात तुबा, दुसरी तिची मैत्रीण, नाशिकची शमिका. शमिका हॉटेल सोडून गावातल्याच राजिवडा मोहल्ल्यात, दादींच्या घरी तुबाच्याच खोलीत उतरली होती.

रमजान चालू होता. सकाळी घरात गॅस पेटायचा तो फक्त शमिकाच्या डब्यासाठी. सुरुवातीला वरणभात, भाजी, एवढंच जायचं आणि त्यातलंही थोडं परत यायचं.

मग एका संध्याकाळी प्रशिक्षक संदेश सर घरी आले. खुर्चीच्या टोकावर बसून म्हणाले, “दादी, दुपारनंतर तुबाचा हात थरथरतो. असंच राहिलं तर जागा जाईल. निवडचाचणीपर्यंत रोजे नाही धरले तर? नंतर भरून काढता येतात ना?”

“सर, तुम्ही बंदुकीचं बघा. या घरात धडधाकट माणसाने रोजा चुकवलेला नाही. मी जिवंत असेपर्यंत कुणी चुकवणारही नाही.”

तुबा दाराआड उभी होती. तिच्या मागे शमिका. सर चहा अर्धा ठेवून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी शमिका ओट्यापाशी घुटमळली. “दादी, आज थोडं जास्त द्याल? फार भूक लागते.”

“बांगडा तळून देऊ?”

शमिकाने वळून तुबाच्या खोलीकडे पाहिलं. “द्या ना. चालेल.”

“चालेल म्हणे! उपकारच केलेस गो माझ्यावर.”

रोज्यात मीठ चाखून बघता येत नाही. दादींनी अंदाजानेच मसाला लावला. संध्याकाळी डब्यात नुसते काटे परत आले.

तेव्हापासून रोजचंच झालं. कधी बांगडा, कधी सुरमई, एकदा तर कोळंबीचा भात. पहाटेचं सहेरीचं खाणं आटोपलं की दादी डब्याला लागायच्या आणि हातापेक्षा तोंड जास्त चालायचं. “आईबाप उपाशी ठेवतात काय गो तुला?” शमिका हसून डबा उचलायची. तुबा मान खाली घालून बुटाच्या नाड्या बांधत बसायची.

तुबाचा हात मात्र थरथरायचा थांबला. सरांनी मुद्दाम फोन करून सांगितलं. दादींनी सगळ्या मोहल्ल्याला ऐकवलं, “बघा! रोज्याची बरकत आहे ही.”

चाचणीत शेवटच्या नेमापर्यंत दोघी बरोबरीत होत्या. तुबा दशांशाने पुढे गेली. संघात तिचं नाव लागलं. शमिका राखीव.

संध्याकाळी राजिवड्याची माणसं मुबारकबाद द्यायला आली. तुबा कुणाशी धड बोलेना. शमिकाने बॅग भरली आणि दादींसमोर येऊन उभी राहिली.

“येते, दादी. माझ्या खाण्याचा फार त्रास झाला तुम्हाला.”

दादींनी रुबीनाला पाहुण्यांकडे पिटाळलं. दार लोटून घेतलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांचा आवाज खाली आला.

“नेम बरा आहे तुझा. पण खोटं बोलण्यात अगदीच कच्ची आहेस, पोरी. तू मासे खात नाहीस, हे तुझ्या आईने मला पहिल्याच दिवशी फोनवर सांगितलं होतं.”