पदराचं टोक

पद्मिनीला सातवा महिना लागला, तशी चंपाबाईंनी बाळाच्या गोधडीसाठी ट्रंकेतल्या जुन्या सुती साड्या काढल्या. पद्मिनी एकेका साडीवरून बोटातली अंगठी फिरवू लागली. अशी अंगठी आता घरोघरी होती. तिच्यावरच्या अतिसूक्ष्म कणांच्या लेपाला फवारलेल्या कीटकनाशकाचा मागमूस लागला, की अंगठीतला बारीक दिवा लाल व्हायचा. पण तासगावच्या द्राक्षबागांतली फवारणीच बंद झाली होती, त्यामुळे लाल दिवा कुणी कैक वर्षांत पाहिला नव्हता.

जांभळ्या साडीच्या पदराशी तो लागला.

"आत्या, हे काय?" सुनेने हात मागे घेतला.

चंपाबाई बघतच राहिल्या. त्यांचे यजमान भूपालराव बागेत औषध मारून यायचे आणि त्या भाकरी थापत असताना मागून गुपचूप त्यांच्या पदराला हात पुसायचे. "साडीचं पोतेरं केलंत," म्हणून त्या ओरडल्या, की ते हसायचे. भिंतीवरच्या फोटोत ते हसत नव्हते. ते गेले त्या आठवड्यात ही साडी न धुताच ट्रंकेत गेली होती.

"एवढं टोक कापून काढ," त्या म्हणाल्या.

पद्मिनीने ते कापलं आणि बादली ओढली. "सोडा घालून धुतलं की काही राहणार नाही, आत्या."

"म्हणून तर धुवायचं नाही."

चंपाबाईंनी तो तुकडा लोणच्याच्या रिकाम्या बरणीत ठेवला. झाकण लावण्याआधी आपली अंगठी आत धरली, आणि दिवा लाल होईपर्यंत श्वास रोखून धरला.