जांभळीची ओटी

मल्हारीनं जेसीबी बंद केला, खाली उतरून चपला काढल्या आणि सरळ हात जोडले. जांभळीच्या बुंध्याला हळद-कुंकू लावलेलं होतं. मुळाशी हिरवा खण, तांदूळ, नारळ, हळकुंड, सुपारी. कुणीतरी झाडाची रीतसर ओटी भरली होती. इथं देवी हाय, आपण हात लावणार नाय, असं त्यानं शेठना फोनवर सांगूनही टाकलं.

संपदाचा डोळ्यांवर विश्वास बसेना. त्र्यंबक रस्त्यालगतच्या या माळावर बंगल्यांची वसाहत व्हायची होती आणि आराखडा तिचा होता. ओहोळाकाठची जांभळ, पळस, खैर, करवंदीच्या जाळ्या आहेत तशा ठेवायच्या आणि रस्ता त्यांना वळसा घालून न्यायचा, एवढंच तिचं म्हणणं. बिल्डर संतोषशेठनी ते कधी मनावर घेतलं नाही. रानातली झाडं राखून काय करायचंय, रस्ता सरळ हवा, आणि हिरवळच पाहिजे तर नर्सरीतून ट्रकभर पाम आणू, असं त्यांचं चाले. माणूस वाईट नव्हता हो, पण सरळ रेघेचं भारी वेड. संपदानं पक्ष्यांचं सांगून पाहिलं, पाण्याचं सांगून पाहिलं, शेवटी चिडूनही पाहिलं. पालथ्या घड्यावर पाणी.

शेठ आले ते तणतणतच. ओटी पाहिली आणि गडी गपगार. दर चैत्रात वणीच्या गडावर जाऊन देवीची ओटी भरणारं घर त्यांचं. भरल्या ओटीवर यंत्र घालायची त्यांची काय टाप? त्यांनी बूट काढले आणि मऊ आवाजात संपदाला म्हणाले, तुमचा तो वळणाचा नकाशा असला तर काढा बाहेर. तिनं तो गाडीच्या बॉनेटवर पसरलासुद्धा. एवढं शिकून जे जमलं नाही ते एका खणा-नारळानं केलं. तिला हसूही येत होतं आणि भरूनही येत होतं.

तेवढ्यात बांधावरून कुसाबाई आल्या. जमीन त्यांचीच, घरच्यांनी नुकतीच शेठना विकली. लग्न होऊन आल्यापासून दुपारची भाकर त्यांनी या जांभळीखाली खाल्ली, पोरांच्या झोळ्या तिच्याच फांदीला बांधल्या. आज झाडं जाणार हे त्यांना ठाऊक होतं. बघवणार नाही म्हणून घरी बसल्या, आणि घरी बसवेना म्हणून आल्या. झाडं उभी दिसली तशा जागीच थबकल्या.

शेठनी त्यांना मावशी म्हणत पुढे बोलावलं. ओटी त्यांनीच भरली ना, देवी कोणती, वणीची की गावातली, तिचा वार कोणता, ओटा बांधून देतो, असं सगळं एका दमात विचारलं.

या माळावर देवीचं नाव संपदानं कधी ऐकलं नव्हतं. शेठच्या पाठीमागून ती कुसाबाईंना डोळ्यांनी विनवू लागली, काहीतरी एक नाव घ्या हो. म्हातारीला ते कळलंही. पण खोटं बोलायचं, आणि तेही देवीच्या नावानं?

"देवी नाय, दादा," कुसाबाई म्हणाल्या. "लेक सासरी निघाली की भरतो ना आपण, तशी भरली. म्हणलं, जाणारच हाय बाई तू, तर रिकाम्या पदरानं नको जाऊ."

मल्हारी चपला घालून जेसीबीकडे वळला. संपदा नकाशाची घडी घालू लागली, पण घडी काही नीट बसेना. एक नाव घेतलं असतं म्हातारीनं तर काय बिघडलं असतं, असा तिला राग आला आणि त्या रागाची लाजही वाटली.

संतोषशेठ कितीतरी वेळ ओटीकडेच बघत होते. मग त्यांनी मल्हारीला हातानंच थांबवलं, संपदाला नकाशा पुन्हा पसरायला लावला आणि वाकून कुसाबाईंच्या पाया पडले.

"मावशी, जमीन आता माझ्या घरची. म्हणजे तिचं सासर हेच," ते म्हणाले. "इथंच नांदेल ती."